चार नंबरच्या पडद्यावरची ओळ

फिटरची आई आली तेव्हा भाऊजी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसले होते आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्याच शब्दाला अडले होते. दारात बाईंनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच विचारलं, "खरं-खोटं शोधून देतात त्या बाई इथंच राहतात ना?"

"इथंच. या, बसा," वहिनी हात पुसत बाहेर आल्या.

बाई बसल्या नाहीत. "आधी एक सांगते. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही. माझा एकुलता एक मुलगा परवा गुरुवारी गेला. पोलीस म्हणतात, सुनेनं मारला. घरात आता आम्ही दोघीच. ती रांधते, ताट वाढते, आणि मी त्या ताटाकडं बघत बसते. तिनं केलं की नाही केलं, एवढंच मला कळायला हवं. जे असेल ते. पण खरं."

"खरंच सांगेन," वहिनी म्हणाल्या. "आता तरी बसा."

वहिनींनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. नुसत्या खरखरीवरून कोण कुठल्या लाइनवर आहे ते ओळखायच्या. नोकरी संपली, सवय गेली नाही, आणि त्या सवयीचाच त्यांनी धंदा केला. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक. तपासात त्यांची कामं दोन. वही सांभाळायची, आणि चुकीचा तर्क सगळ्यांच्या आधी मांडायचा. दुसरं काम ते फार मन लावून करीत.

बाईंनी सांगितलं ते असं. मुलगा फिटर. तो आणि सून रंगाच्या एकाच कारखान्यात कामाला. तिथं पाच टाक्या, एकेक खोलीएवढी. रंग खाली बसू नये म्हणून टाकीतली लोखंडी पाती दर अर्ध्या तासाला आपोआप फिरतात, घड्याळाच्या ठोक्याला. टाकी खरवडायला माणूस आत उतरायचा असला की त्या टाकीला कुलूप घालतात. हे कुलूप लोखंडाचं नव्हे, संगणकातलं. ते असेपर्यंत पाती हलत नाहीत.

"गुरुवारी कुलूप घालून माझा मुलगा तीन नंबरच्या टाकीत उतरला. अकरा अठ्ठावीसला कुणीतरी कुलूप काढलं. साडेअकराला पाती फिरली." बाईंचा आवाज कापला नाही, तेच भाऊजींना सहन होईना. "संगणकाच्या वहीत लिहिलंय, कुलूप काढलं टर्मिनल चारवरून. चार नंबर कंट्रोल रूममधला. तिथं माझी सून बसते. एकटी."

"माणसाचं नाव नाही लिहीत?"

"सगळे एकाच नावानं आत शिरतात म्हणे. पाळी बदलली की पुन्हा पुन्हा कोण नाव घालत बसणार! म्हणून वही फक्त टर्मिनल लिहिते."

"आणि तिनं का मारावं नवऱ्याला?"

बाई पहिल्यांदाच खाली बघायला लागल्या. "बुधवारी संध्याकाळी भांडण झालं. गेल्या वर्षी एक नंबरच्या टाकीत एका मजुराचा हात गेला. चूक त्या मजुराचीच, असं ठरवून कारखान्यानं हात झटकले. माझा मुलगा सोमवारी सरकारी निरीक्षकापुढं साक्ष देणार होता. चूक कुणाची होती याचा कागद आहे म्हणत होता. सून म्हणाली, गप्प बसा, दोघांचीही नोकरी जाईल. तो ऐकेना. तेव्हा ती म्हणाली, तुम्हाला कसं थांबवायचं ते मी बघते. मी शेजारच्या खोलीत होते."

"हे पोलिसांना कुणी सांगितलं?"

"मीच." बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "उद्या सकाळी तिला न्यायला येणार आहेत."

*

कारखान्याच्या फाटकावर बाईंबरोबर आलेल्या सुनेला अडवलं. आत यायची बंदी होती. पहारेकऱ्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती बसली. तिशीची, सुकलेल्या चेहऱ्याची. सासू चार हात लांब उभी राहिली. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

"अकरा अठ्ठावीसला तू काय करत होतीस?" वहिनींनी विचारलं.

"भिंतीवरच्या मापकांचे आकडे वहीत उतरवत होते. दर अर्ध्या तासाच्या आधी ते करावं लागतं. पडद्याकडं पाठ असते तेव्हा. लिहून वळले, पडद्यावर आलेली ओळ पुसली, पुढचा फॉर्म भरायला घेतला. आणि मग..." ती थांबली. "मग आरडाओरडा ऐकला. भिंतीवरचं लाल बटण दाबलं. सगळं थांबलं. पण उशीर झाला होता."

"कसली ओळ?"

"वाचली नाही हो. दिवसातून वीस येतात. लिफ्ट बंद आहे, दारातली गाडी हलवा, ओळखपत्रं घेऊन जा. फॉर्मवर मधेच येऊन बसतात, रकाने विस्कटतात. म्हणून आम्ही सगळेच न वाचता पुसायची कळ दाबतो. बोटालाच सवय झाली आहे."

"ही ओळ तशीच होती?"

सून आठवू लागली. "नेहमी वर 'कार्यालयाकडून' असं असतं. ते नव्हतं बहुतेक. शेवटी प्रश्नचिन्ह होतं, तेवढं डोळ्यांत राहिलंय."

भाऊजींनी लिहिलं, 'लिफ्ट बंद'. वहिनींनी वहीत डोकावून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचं अक्षर छान आहे, भाऊजी."

आत शिरताना पायाखालची फरशी थरथरली. चारी बाजूंनी एकदम जड, ओली घरघर सुरू झाली. भाऊजींनी वहिनींचा दंडच पकडला. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर अकरा वाजले होते.

"पाती," पहारेकरी म्हणाला. "तीन नंबर बंद आहे. बाकीच्या चार चालूच. बंद केल्या तर रंगाचा दगड होईल."

*

मोठा संगणक एका थंडगार खोलीत होता. त्याला चार टर्मिनलं जोडलेली. एक नंबरचं याच खोलीत, दोन नंबरचं सुरक्षा अधिकाऱ्याकडं, तीन नंबरचं मुकादमाच्या वर्कशॉपात आणि चार नंबरचं कंट्रोल रूममध्ये. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळा, बाकी डोकं सगळं या खोलीत. कुलपाचा प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅमर झोप न झालेल्या डोळ्यांनी बसला होता.

"कुलूप चार नंबरवरून निघालं, हे तुमच्या वहीला कसं कळतं?" वहिनींनी विचारलं.

"प्रोग्रॅमच विचारतो ना. मशीनला म्हणतो, मला ज्या यंत्राला जोडलंय त्याचं नाव सांग. मशीन नाव सांगतं, तेच वहीत उतरतं. माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल?"

"माझ्या एक्स्चेंजमध्ये एका बाईला दोन-दोन तारा असायच्या. ऐकायची वेगळी, बोलायची वेगळी. तुमच्या प्रोग्रॅमला किती?"

प्रोग्रॅमर सरसावून बसला. "तीन. एक कान. त्यानं हुकूम ऐकतो. दुसरं बोलायचं तोंड. आणि तिसरं तक्रारीचं तोंड. इशारे, चुका, 'खात्री आहे का' वगैरे सगळं त्यातून बाहेर येतं. साधारणपणे तिन्ही एकाच टर्मिनलला लागलेली असतात."

"साधारणपणे?"

"वळवता येतात की. कानाला टर्मिनलऐवजी फाइल लावली तर प्रोग्रॅम माणसाऐवजी तयार यादी ऐकतो."

"मग वहीत नाव कुणाचं?"

"तिथंच तर गंमत झाली होती. पूर्वी मी नाव कानाकडं विचारायचो. गेल्या वर्षी एक नंबरच्या टाकीचा अपघात झाला, वही उघडली, तर नावाची जागा कोरी! फाइल म्हणजे काही टर्मिनल नव्हे, तिला नाव कुठलं? खूप बोंबाबोंब झाली. मग लेखी हुकूम आला, नाव कोरं राहता कामा नये. तेव्हापासून मी तक्रारीच्या तोंडाकडं विचारतो. ते कुणी फाइलला लावत नाही. बदल काय केला तेही सविस्तर लिहून पाठवलं."

"कुणाला?"

"कागद शोधावा लागेल. इथं पसारा बघताय ना."

"शोधा. आणि वहीतली नोंद खोडता कुणाला येते?"

"मला. एकट्याला," प्रोग्रॅमर पटकन म्हणाला, आणि काय बोलून गेलो हे कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

भाऊजींनी त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

"वहीशिवाय मशीन स्वतःचं काही लिहून ठेवतं का?" वहिनी उठता उठता म्हणाल्या.

"हजेरी ठेवतं. कुठला प्रोग्रॅम कितीला सुरू झाला, कुठून झाला. ती टेपवर जाते, ढिगानं. तिच्याकडं कोण बघतंय!"

"मी बघेन. गुरुवारची काढून ठेवा. आणि याचा गवगवा नको."

बाहेर आल्याआल्या भाऊजी कुजबुजले, "वहिनी, सापडलं! तारांची अदलाबदल. कुणीतरी दुसऱ्या टर्मिनलची तार चारच्या भोकात खुपसली, काम केलं, परत काढली."

वहिनी त्यांना सरळ भिंतीवरच्या पेटीकडं घेऊन गेल्या. चार तारा, चार भोकं. रंगाच्याच कारखान्यातली पेटी, भिंत रंगवताना कुणीतरी तारांसकट रंगवून टाकलेली. तारेपासून भोकापर्यंत पिवळ्या रंगाचा एकसंध पापुद्रा होता. कुठं चीर नव्हती की टवका नव्हता.

"गेल्या कित्येक महिन्यांत ही तार कुणी हलवलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "पण चला, तुमचा तर्क वेळेवर आला."

*

मुकादम तीन नंबरच्या टाकीजवळ भेटला. टाकीचं झाकण उघडंच होतं. आत काळोख, आणि त्यातून रंगाचा उग्र वास वर येत होता. भाऊजी काठापासून चार पावलं मागेच थांबले.

"माझ्या हातात दोर होता," मुकादम म्हणाला. दणकट माणूस, पण बोलताना टाकीकडं बघायचं टाळत होता. "आत उतरणाऱ्याच्या कमरेला बांधतो तो. माझ्या शेजारी दोघं मजूर होते. गप्पा चालल्या होत्या. तोही आतून काहीतरी चेष्टा करत होता. आणि एकदम दोर ओढला गेला. बाई, मी धरून ठेवला हो! तळहात सोलून निघाले तरी सोडला नाही."

त्यानं हात पुढं केले. दोन्ही तळव्यांवर पट्ट्या होत्या.

"तुमचं टर्मिनल?"

"वर्कशॉपात. टाळं होतं, किल्ली माझ्या कमरेला. आणि मला त्या कळांवर अक्षर सापडायला पाच मिनिटं लागतात. विचारा कुणालाही."

वहिनींनी दोन्ही मजुरांना विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं. मुकादम दहा वाजल्यापासून टाकीवरून हलला नव्हता.

शेवटी सुरक्षा अधिकारी. कामगार त्यांना मागून 'हेल्मेटसाहेब' म्हणत, कारण ते स्वतःच्या खोलीतही डोक्यावरचं हेल्मेट काढत नसत. खोली लख्ख. टेबलावर टर्मिनल दोन, त्याच्या शेजारी टोकदार पेन्सिलींची रांग.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "वीस वर्षांत माझ्या हाताखाली माणूस गेला नव्हता. पण वही स्पष्ट आहे. टर्मिनल चार. मी गुरुवारी याच खुर्चीत होतो, याच मशीनवर. इथून काही गेलं असतं तर वहीत दोन आलं असतं."

"कुलपं तुम्हीही काढता?"

"दर शनिवारी. आठवड्याची साफसफाई संपली की सगळी एकदम. एकेक कोण टाइप करत बसतंय! यादी तयार असते, तीच प्रोग्रॅमच्या कानाला लावतो."

"बाकी कुणी लावतं का अशी यादी?"

"इथं?" हेल्मेटसाहेब हसले. "इथं बाकीच्यांना बोटानं अक्षर शोधावं लागतं, बाई. हे मी एकटाच करतो."

"आणि प्रोग्रॅम इशारा देतो म्हणे, कुलूप काढताना?"

"देतोच. आत माणूस आहे, असं लख्ख दिसतं पडद्यावर. तो वाचून तिनं 'हो' दाबलं. स्वतःच्या नवऱ्यावर! माझ्या अंगावर काटा येतो."

साडेबारा वाजले. फरशी थरथरू लागली. टेबलावरच्या पेन्सिली एकमेकींवर किणकिणल्या. हेल्मेटसाहेबांनी त्या न बघता नीट सरळ केल्या.

जिना उतरताना भाऊजी म्हणाले, "प्रोग्रॅमरच. वही त्याच्या हातात, प्रोग्रॅम त्याचा, कान-तोंडं त्याचीच."

"ज्याच्या हातात अख्खी वही आहे, त्यानं नोंद सरळ खोडली असती की. चार नंबरचा आकडा कशाला चोरला असता?"

"मग मुकादम?"

"त्याचे हात बघितलेत ना?"

उरलेलं नाव कुणाचं ते भाऊजींनाही कळत होतं. पण तो माणूस दोन नंबरवर बसून वहीत चार कसा लिहील, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

*

तीन वाजता वहिनींच्या सांगण्यावरून कंट्रोल रूममध्ये सगळे जमले. पोलीस इन्स्पेक्टर, मुकादम, हेल्मेटसाहेब. तीन नंबरच्या पात्यांची वीज मुळातूनच तोडली होती आणि टाकीला पुन्हा कुलूप घातलं होतं, 'आत माणूस' अशी नोंद करून. वहिनींनी फिटरच्या आईला चार नंबरच्या खुर्चीत बसवलं.

"मला यातलं काही येत नाही," बाई म्हणाल्या.

"यायला नकोच. हात मांडीवर ठेवा. कशालाही शिवू नका. पडद्यावर काही आलं तर मोठ्यानं वाचा."

"हा काय खेळ आहे?" हेल्मेटसाहेब म्हणाले.

"साहेब, तुमच्या खोलीत सध्या प्रोग्रॅमर बसलाय, हवालदाराला घेऊन. तुमच्या टर्मिनलवर. चालेल ना?"

उत्तराची वाट न बघता वहिनींनी फोन उचलला. "करा सुरू."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मग टिंग झालं. समोरच्या फॉर्मवर, रकान्यांच्या मधोमध, एक ओळ उमटली.

बाई पुढं झुकल्या. एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं. "टाकी तीनमध्ये... माणूस आहे. तरी... कुलूप काढायचं?"

बाईंचे हात मांडीवरच होते. कोपऱ्यातल्या, संगणकाची वही छापणाऱ्या यंत्राचा कागद खरखरत एक ओळ पुढं सरकला. इन्स्पेक्टरनं तो फाडून घेतला आणि त्याच्या भुवया चढल्या.

"टाकी तीन. कुलूप काढलं. टर्मिनल... चार? पण चारला तर कुणी हातच लावला नाही!"

"गुरुवारीही लावला नव्हता," वहिनी म्हणाल्या. "प्रोग्रॅम मशीनला विचारतो, मी कुठल्या यंत्राला जोडलोय? पण विचारतो कुणाकडं, तर तक्रारीच्या तोंडाकडं. गुरुवारी कुणीतरी प्रोग्रॅमचा कान आपल्याच टर्मिनलवर ठेवला आणि तक्रारीचं तोंड तेवढं चार नंबरकडं वळवलं. हुकूम तिथून, नाव इथलं. वही फसली, पण एका गोष्टीला इलाज नव्हता. तोंड वळवलं की त्यातून येणारा इशाराही वळतो. तो चार नंबरवर उमटला. सुनेनं सांगितलं होतं, ओळीवर 'कार्यालयाकडून' नव्हतं आणि शेवटी प्रश्नचिन्ह होतं. लिफ्ट बंद असल्याचं कार्यालय कळवतं, विचारत नाही. ती कुलपाच्या प्रोग्रॅमची ओळ होती. आणि ज्यानं 'हो' दाबलं, त्याचा पडदा कोराच होता. इशारा न बघता त्यानं उत्तर दिलं, कारण प्रश्न त्याला आधीच माहीत होता."

"पण कुणी?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"नाव आता तक्रारीच्या तोंडाकडं विचारतात, हे माहीत असलेला माणूस हवा. एक प्रोग्रॅमर. त्याला नोंद सरळ खोडता येते, त्याला या उठाठेवीची गरज नाही. दुसरा, ज्याला त्यानं लेखी कळवलं तो." वहिनींनी पिशवीतून एक पिवळट कागद काढला. "दुपारी हा पसाऱ्यात सापडला. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नावे आहे, पोच म्हणून त्यांची सहीसुद्धा."

"बदल माहीत असणं म्हणजे खून नव्हे," हेल्मेटसाहेब शांतपणे म्हणाले.

"नव्हे. पण बदल करावा का लागला? गेल्या वर्षी वहीत नाव कोरं आलं म्हणून. नाव कोरं कधी यायचं? कानाला फाइल लावली तर. आणि इथं फाइल लावतं कोण? तुम्हीच मला सांगितलंत, साहेब. मी एकटाच, म्हणालात. म्हणजे गेल्या वर्षी एक नंबरच्या टाकीचं कुलूप तुमच्या यादीनं निघालं. सगळ्यांना वाटलं, कोऱ्या जागेवरून काही कळत नाही. ती कोरी जागाच तुमची सही होती. फिटरला ते उमगलं होतं. तुमची जुनी यादी त्याच्या हाती लागली असणार, तोच त्याचा कागद."

भाऊजींची पेन्सिल मघाच थांबली होती. हेल्मेटसाहेबांच्या गळ्याची शीर उडत होती, तिच्यावरून त्यांची नजर हटेना.

"पुरावा लागतो, बाई. तर्क नव्हे."

"मशीनची हजेरी असते. तिला कान-तोंडाशी देणंघेणं नाही. प्रोग्रॅम कुठून सुरू झाला, एवढंच ती लिहिते. गुरुवार, अकरा अठ्ठावीस, कुलपाचा प्रोग्रॅम." वहिनींनी दुसरा कागद इन्स्पेक्टरच्या हातात दिला. "टर्मिनल दोन. आणि अकरा अठ्ठावीसला त्या खुर्चीत कोण होतं, ते साहेबांनी स्वतःच सांगितलंय. भाऊजींच्या वहीत आहे."

इन्स्पेक्टरनं कागद वाचून खिशात घातला. मग हेल्मेटसाहेब अगदी साध्या आवाजात म्हणाले, "गेल्या वर्षीची ती यादी आदल्या आठवड्याची होती. चुकून लागली. एक चूक, वीस वर्षांत. बुधवारी तो माझ्याकडं आला. म्हणाला, साहेब, सोमवारी सांगणार आहे, तुमच्या पाठीमागं नको म्हणून आधी तुम्हाला सांगतो." त्यांनी मान हलवली. "त्यानं असं येऊन सांगायला नको होतं."

मुकादम धावून गेला. इन्स्पेक्टर मधे पडला म्हणून बरं. मुकादमाच्या पट्ट्यांमधून पुन्हा रक्त आलं होतं.

*

हेल्मेटसाहेबांना घेऊन गेले. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. पडद्यावर ओळ अजून तशीच होती.

"म्हणजे ती निर्दोष," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "घरी जा आता."

"ही ओळ तिच्या पडद्यावर आली होती."

वहिनींनी शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"अठ्ठावीसला आली. पाती फिरली तिसाला." बाईंनी भिंतीकडं पाहिलं. लाल बटण खुर्चीपासून तीन पावलांवर होतं. "तिनं वाचली असती, तर?"

भाऊजींना वाटलं, वहिनींनी आता काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. काहीही. पण वहिनींनी सकाळी शब्द दिला होता.

"वेळ होता," त्या म्हणाल्या. "तो वाचला असता."

बाईंनी डोळे मिटले. घशातून एक आवाज निघाला, तो त्यांनी पदरानं दाबला. मग त्या म्हणाल्या, "हे तिला कळलंय?"

"अजून नाही. कोर्टात येईल कधीतरी."

"येईल तेव्हा येईल. आज नको. तुम्हीही बोलायचं नाही," त्यांनी भाऊजींकडं बोट केलं. भाऊजींनी नुसती मान हलवली.

फाटकाजवळच्या बाकावरून सून उठली. तिच्या समोरूनच पोलिसांची गाडी गेली होती. "आई? हेल्मेटसाहेबांना का नेलं?"

"त्यानं केलं. गेल्या वर्षीचंही त्यानंच."

सुनेनं खांबाला धरलं. "पण वहीत चार कसं आलं? माझ्या मशीनवरून..."

"तुझ्या मशीनवरून काही झालं नाही. त्यानं खोटं नाव लिहवून घेतलं. मला नाही कळत ते सगळं."

"आणि ती ओळ? या बाई एवढं खोदून विचारत होत्या. काय होतं तिच्यात?"

भाऊजी जमिनीकडं बघत उभे राहिले. वहिनी पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"कार्यालयाचीच होती," सासू म्हणाली. "रोजच्यासारखी."

सून तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग परवापासून कोंडलेलं रडू एकदम फुटलं. सासूनं पुढं होऊन तिला जवळ घेतलं, डोकं खांद्यावर दाबून धरलं, आणि त्या रडण्याच्या वरच्या आवाजात बोलू लागली.

"ऐक. पोलिसांना भांडणाचं मी सांगितलं. तुझ्यावर मी संशय घेतला. ती चूक माझी, समजलीस? माझी. तू काही केलं नाहीस. काही म्हणजे काहीच नाही."